आई-बाबांना पत्र : प्रदर्शनाला दोन वर्षं कशाला लागतात

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत की संग्रहालयाच्या प्रदर्शनासाठी चित्रं भिंतीवर लावायची आणि भांडी काचेत ठेवायची, त्याला दोन वर्षं कशाला हवीत? फोनवर याचं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून सविस्तर लिहिते. खरं म्हणजे हाताने करायचं काम फार नसतं. वेळ जातो तो थांबण्यात. रंगाचा वास उडायला, चाचणीचा निकाल लागायला, खोकी खोलीच्या हवेला रुळायला, समितीची बैठक भरायला. प्रदर्शनाचा प्रकल्प सांभाळणाऱ्याचं निम्मं काम हे थांबण्याचे दिवस राखण्याचं आहे. वेळापत्रक घसरलं की सगळ्यांचा हात पहिल्यांदा याच दिवसांवर पडतो, कारण कागदावर ते रिकामे दिसतात.

विद्यापीठाच्या संग्रहालयात आणखी एक गोष्ट असते. ही संग्रहालयं मुळात शिकवण्यासाठी जन्मली. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन १६८३ साली उघडलं, तेव्हा तळघरात रसायनशाळा, मधल्या मजल्यावर व्याख्यानाची जागा आणि वर संग्रह अशी त्याची रचना होती. तो वारसा आजही चालू आहे. प्रदर्शनाची कल्पना बहुधा एखाद्या प्राध्यापकांच्या संशोधनातून येते, आणि जी वस्तू काचपेटीत जाणार तीच कुणाला तरी वर्गात हवी असते. एकदा ती पेटीत बंद झाली की चार-पाच महिने बाहेर निघत नाही. म्हणून वस्तूंची यादी पक्की करण्याआधी अध्यापनाचं वेळापत्रक शेजारी ठेवावं लागतं. उद्घाटनही सत्र सुरू होताना धरतात. ऑक्सफर्डचं सत्र फक्त आठ आठवड्यांचं असतं, तीन आठवडे उशीर झाला तर ज्यांच्यासाठी केलं ते विद्यार्थी जवळजवळ निम्मं सत्र मुकतात.

उदाहरण म्हणून दख्खनी लघुचित्रं आणि रेशमी वस्त्रं यांचं तीन महिन्यांचं प्रदर्शन धरू. साठ वस्तू, त्यातल्या चाळीस घरच्या आणि वीस उसन्या. उद्घाटनाची तारीख लिहायची आणि तिथून उलटं मोजत यायचं.

सगळ्यात आधी उसन्या वस्तू. मागणीचं पत्र किमान वर्षभर आधी जायला हवं, परदेशातून आणायचं असेल तर त्याहूनही आधी. देणारं संग्रहालय आपली कुंडलीच मागतं: दालनाचं तापमान, हवेतली आर्द्रता, रात्रीचा पहारा, आगीची व्यवस्था, पेट्यांची कुलपं, लिफ्टचं माप. त्यांची समिती वर्षातून मोजक्या वेळा बसते, एक बैठक हुकली तर तीन महिने गेले. विम्यासाठी ब्रिटनमध्ये १९८०च्या कायद्याने सरकारी हमीची योजना आहे. वस्तू तिच्या भिंतीवरच्या खिळ्यावरून निघाल्यापासून परत त्याच खिळ्यावर लागेपर्यंत नुकसानीची जबाबदारी सरकार घेतं, आणि लाखो पौंडांचा हप्ता वाचतो. बदल्यात अटी कडक. परदेशातून आलेल्या वस्तूवर इथल्या कोर्टात कुणी दावा लावून ती अडकवू नये म्हणून २००७च्या कायद्याचं संरक्षण मिळतं, पण त्यासाठी वस्तूचा पूर्वेतिहास, म्हणजे ती कुणाकडून कुणाकडे गेली, हे आधी जाहीर करावं लागतं. तिथे एखादा दुवा गहाळ निघाला तर ती वस्तू यादीतून काढलेलीच बरी, असं माझं ठाम मत आहे. आणि भारतातून आणायचं असेल तर १९७२चा पुरावस्तू कायदा आहेच: शंभर वर्षांहून जुनी वस्तू, किंवा पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित, केंद्र सरकारच्या मार्गाखेरीज देशाबाहेर जाऊ शकत नाही.

आता जी गोष्ट सगळ्यात कमी लोकांना माहीत असते ती सांगते. काचपेटीच्या आत जे जे जाणार, म्हणजे फळ्या, त्यावरचं कापड, डिंक, रंग, काचेच्या फटीतलं रबर, त्या प्रत्येकाची चाचणी होते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७०च्या दशकात ती बसवली, म्हणून तिला ऑडी चाचणीच म्हणतात. पदार्थाचा दोनेक ग्रॅमचा तुकडा काचेच्या नळीत घालायचा, सोबत चांदी, तांबं आणि शिसं यांच्या घासून लख्ख केलेल्या छोट्या पट्ट्या आणि हवा दमट ठेवण्यापुरतं थोडंसं पाणी. नळी घट्ट बंद करून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायची. नंतर पट्ट्या बाहेर काढून शेजारी कोरी, म्हणजे पदार्थ न घातलेली, नळी ठेवून बघायचं. चांदी काळवंडली तर पदार्थातून गंधकाचा वायू सुटतो आहे. शिशावर पांढरी भुकटी धरली तर सेंद्रिय आम्ल. बाबा, तुम्ही बांधकाम खात्यात काँक्रीटच्या क्यूब टेस्टसाठी २८ दिवस थांबायचात, ठेकेदार कितीही घाई करो, तसंच हे आहे.

नापास होणारे नेहमीचेच. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या, त्यांतून फॉर्माल्डिहाइड आणि आम्लं निघतात. ओकचं लाकूड दिसायला देखणं, पण त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. लोकर आणि व्हल्कनाइज्ड रबर गंधक सोडतात, आणि जरीतली चांदी त्यानेच काळी पडते. अडचण अशी की डिझायनर कापडाचा रंग शेवटपर्यंत बदलत राहतात, आणि प्रत्येक नव्या रंगाचं कापड म्हणजे नवे २८ दिवस, कारण दोष बऱ्याचदा धाग्यात नसून रंगात किंवा कापडावरच्या प्रक्रियेत असतो. म्हणून नमुने उद्घाटनाच्या सात महिने आधी हातात हवेत. म्हणजे एकदा नापास झाले तरी दुसऱ्या फेरीला जागा राहते. पेटी आतून रंगवली तर ती उघडी ठेवून तीन-चार आठवडे हवा खेळू द्यायची. रंग दुसऱ्या दिवशी हाताला लागत नाही म्हणजे वाळला, असं इथे चालत नाही.

प्रकाशाचा हिशोब आई, तुला पटकन कळेल, कारण हळदीचा डाग उन्हात उडतो हे तुझ्याकडूनच शिकले. हळदीचा पिवळा उजेडाला फार हळवा. जुन्या वस्त्रांत हिरवा रंग पुष्कळदा नीळ आणि हळद एकावर एक चढवून काढलेला असतो. वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की हळद उडते, नीळ टिकते, आणि पानं निळी दिसायला लागतात. लोकांना वाटतं विणकराने निळीच पानं काढली. गेलेला रंग कोणताही तज्ज्ञ परत आणू शकत नाही, म्हणून इथे तडजोड नको. कागदावरची चित्रं आणि रेशीम यांना ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं माप), तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत. पण नुसता तेवढा आकडा पाळून भागत नाही, एकूण किती वेळ उजेड पडला तेही मोजायचं. ५० लक्स, रोज आठ तास, ९० दिवस म्हणजे ३६,००० लक्स-तास. अतिशय हळव्या रंगांसाठी वर्षाला १५,००० लक्स-तासांची मर्यादा मानली जाते. म्हणजे एका प्रदर्शनात दोन वर्षांहून जास्त कोटा संपला. यावर उपाय दोन: अर्ध्या वाटेवर चित्र बदलून दुसरं लावायचं, किंवा उतरल्यावर त्या वस्तूला काही वर्षं अंधारात विश्रांती द्यायची आणि तशी नोंद तिच्या कार्डावर करायची. साफसफाईच्या वेळचे मोठे दिवेही मोजणीत धरायचे, तेच बहुतेक वेळा विसरले जातात.

वस्त्रांसोबत कसर येण्याची भीती असते, म्हणून बाहेरून आलेलं लोकरी-रेशमी काही असेल तर संवर्धनतज्ज्ञांच्या संमतीने ते पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळून उणे ३० अंशांवर तीन दिवस, किंवा उणे १८ वर दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. चोवीस तास थांबायचं, नाहीतर थंड कापडावर दव धरतं.

काचपेटीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवायला तळाच्या खणात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, असतं. जुना ठोकताळा घनमीटरला २० किलो, म्हणजे अर्ध्या घनमीटरच्या पेटीला १० किलो. हे जेल आधी हव्या त्या आर्द्रतेवर आणून ठेवायला एक-दोन आठवडे जातात. पिशवीतून काढून तसंच घातलं तर ते कोरडं असतं, पेटीतली ओल ओढून घेतं, आणि लघुचित्राचा कागद वाकून रंगाचे पोपडे सुटू शकतात. लघुचित्रांत तांब्यापासून केलेला हिरवा असेल तर त्याखालचा कागद बऱ्याचदा आधीच खाल्लेला असतो, तिथे तर फारच जपावं लागतं. असं चित्र उचलण्याआधी त्याचं स्थितिपत्रक करतात: अंधाऱ्या खोलीत टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरायची, मग आडव्या उजेडात उचललेला प्रत्येक पोपडा, प्रत्येक सुरकुती सावली टाकते. फोटोवर त्या जागा पेन्सिलीने खुणा करून, तारीख घालून, देणारा आणि घेणारा दोघांनी सही करायची. पुढे भांडण झालंच तर हा एक कागद कामाला येतो.

मजकुराबद्दल थोडंच लिहिते. एका लेबलवर साठ शब्द, अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नाही. प्राध्यापक दीडशे शब्द पाठवतात, आणि त्यातला प्रत्येक शब्द त्यांना प्यारा असतो. संपादनाच्या तीन फेऱ्या धरायच्या आणि उद्घाटनाच्या दहा आठवडे आधी मजकूर बंद. मँचेस्टर विद्यापीठाच्या संग्रहालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आशिया दालन उघडलं, ते ब्रिटिश म्युझियमच्या भागीदारीत आणि समाजातल्या तीस जणांच्या गटाने मिळून घडवलेलं. ज्यांचा इतिहास आहे त्यांनीच तो सांगावा, हे मला मनापासून पटतं. पण असं करायचं तर चर्चेचे महिने पहिल्याच दिवशी वेळापत्रकात लिहावे लागतात, नंतर घुसवता येत नाहीत.

मांडणीच्या दोन-तीन आठवड्यांत क्रम मोडायचा नाही: आधी धुळीची कामं, मग रंग, मग पेट्या, मग भिंतीवरची अक्षरं, आणि दालन स्वच्छ पुसल्यावरच वस्तू. सुतार आत असेपर्यंत एकही खोकं उघडायचं नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाची नजर मात्र ११०-१२० सेंटिमीटरवर असते, म्हणून सपाट पेट्या उंच करायच्या नाहीत, आणि खुर्ची वळायला दीड मीटर मोकळी जागा सोडायची.

खोकी आली की चोवीस तास दालनात तशीच बंद ठेवायची. देणाऱ्या संग्रहालयाचा माणूस सोबत आलेला असतो, त्याच्या हॉटेलचा तो एक दिवस खर्चात धरलेला हवा. खोक्याचं लाकूड भरीव असेल तर त्यावर ५६ अंशांवर अर्धा तास तापवल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो, नाहीतर ते सीमेवरच अडकतं. प्लायवूडला ही अट नाही. आत वस्तू दीड हात लांब असली तरी बाहेरून खोकं बरंच मोठं होतं, तेव्हा रस्त्यापासून दालनापर्यंतचं प्रत्येक दार, प्रत्येक वळण आणि लिफ्ट टेपने मोजून घ्यायची. जुन्या इमारतींत दारं भरपूर रुंद असतात आणि घात होतो तो कॉरिडॉरच्या वळणावर. रिकामी खोकी तीन महिने कुठे राहणार हा प्रश्न तर बजेट करताना कुणालाच सुचत नाही. ओलसर तळघरात ठेवली तर आतल्या फोमला बुरशी लागते आणि परतीच्या वेळी नवी बांधावी लागतात. एकूण खर्चाच्या दहा टक्के बाजूला ठेवायचे म्हणतात, त्यातले बरेचसे इथेच जातात.

उतरवण्याला निम्मा वेळ पुरेल असं सगळे धरून चालतात. तेच चुकतं. दमलेली माणसं, नव्या प्रदर्शनाची घाई, त्यामुळे धोका मांडणीपेक्षा उतरवतानाच जास्त. पुन्हा तेच स्थितिपत्रक काढून तीच टॉर्च धरायची, प्रत्येक खूण ताडून बघायची, आणि मगच खोक्याचं झाकण लावायचं.

आई, आजीची पैठणी कपाटात आहे ना, तिच्यासाठी एवढं कर. प्लास्टिकच्या पिशवीतून काढ आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळ. पदराच्या घडीत त्याच मलमलीची गुंडाळी घाल, म्हणजे जरीची तार मोडत नाही. दर सहा महिन्यांनी घडी बदल, जुन्या रेषेवर परत घालू नकोस. लोकरीची शाल तिच्या शेजारी ठेवू नकोस आणि रबरबँड तर मुळीच लावू नकोस. बाबा, आजोबांच्या दप्तरातले मोडी कागद हॉलमध्ये फ्रेम करून लावायचं म्हणत होतात. आधी चांगला स्कॅन करून घ्या आणि त्याचा प्रिंट लावा. मूळ कागद कपाटातच राहू दे, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात मात्र नको, पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते.

दोघांनी औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
मंजू