जागा बघायची तर जुलैत बघा

चि. सौ. मुग्धा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिन्ही जागांचे फोटो पाहिले. सगळे जानेवारीतले आहेत. त्या दिवसांत कोकणातली कुठलीही जागा घ्यावीशीच वाटते. म्हणून फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सविस्तर लिहिते आहे. अमेयरावांनाही वाचायला दे.

पुणं सोडून इकडे राहायला येताय, याचा मला मनापासून आनंद आहे, तेव्हा मी मोडता घालते आहे असं समजू नकोस. पण सारी नोकरी इथल्या आरोग्य उपकेंद्रांत गेली. पाच-दहा किलोमीटरवर गाव बदललं की माणसांच्या अंगावर येणारे आजारही बदलतात, हे मी घरोघर फिरून पाहिलं आहे. जागेचा भाव आणि रस्ता तुम्ही बघितलात. तिथे आधीपासून कोण राहतं, तेही बघा. कोण म्हणजे गोचीड, फुरसं हा विषारी साप, वाळवी, डास आणि बुरशीसुद्धा.

दोडामार्गकडची व्हाळाकाठची, म्हणजे ओढ्याकाठची जागा तुमच्या मनात भरली आहे, पण तीच आधी बाजूला ठेवा. कारण माकडताप. कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीला रुग्ण सापडले, २०१६ मध्ये दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी बांद्याकडे. रोगाने माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, आणि त्या चावल्या की माणसाला हा ताप येतो. त्यांची पिल्लं खसखशीएवढी, पाचोळ्यात डोळ्याला दिसतही नाहीत. त्यांचा जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजू गोळा करायचा, पातेरा झाडायचा आणि रानात हिंडावंसं वाटायचा काळ. या तापावर खास असं औषध नाही, आणि जुनी लसही आता बंद झाली आहे. तिथली माणसं अंगाला तेल लावून, अंगभर कपडे घालून रानात जातात, माकड मेलेलं दिसलं की लगेच कळवतात. ते त्यांचं गाव आहे, पोट तिथेच आहे. तुम्हाला मात्र निवड करता येते. पाच वर्षांच्या सईला दर संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, हे तुमच्याच्याने वर्षानुवर्षं होणार नाही. शिवाय २००२ पासून त्या भागात हत्ती आहेत. केळी, माड काही शिल्लक राहत नाही.

देवगडकडची सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरची जागा कोरडी आहे, वारा भरपूर, समुद्र दिसतो. तिथे फुरसं असणार. कातळावरच्या दगडाखाली ते बसतं, रंगाने दगडासारखंच. घोणस आणि नागही सगळीकडे आहेत, लाल विंचू आहेच. तरी यामुळे मी जागा नाकारायला सांगणार नाही. विंचूदंशाने पूर्वी पोरं पटापट दगावायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते मरण किती कमी केलं, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. सापाच्या विषावरचं हापकिन संस्थेचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालतं. प्रश्न असतो तो वेळेत पोचण्याचा. त्या सड्यावरून सरकारी दवाखाना किती लांब आहे, हे रात्री गाडी चालवून बघा, आणि ते इंजेक्शन व डॉक्टर रात्री असतात का तेही विचारा. बांधकामाच्या वेळी चिऱ्यांचा ढीग महिनोन्‌महिने तसाच पडू देऊ नका, आणि जमिनीवर अंथरूण घालून झोपू नका. मण्यार रात्री फिरते, आणि तिचा दंश कित्येकदा कळतच नाही.

आता जे खरोखर तुमचं राहणं सोपं किंवा अवघड करणार आहे, ते सांगते. सापाची भीती सगळ्यांना वाटते, ओलीची कुणाला वाटत नाही. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, इथे किनाऱ्यालगत तीन हजारांच्या आसपास आणि आंबोलीला सात हजारांच्या घरात. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडे दमट, चपलांवर पांढरी बुरशी, गाद्यांना वास. सईला बाळदमा आहे. बुरशी आणि ओल्या गादीतले सूक्ष्म किडे हेच तिच्या छातीचे शत्रू. जुन्या घरात चुलीचा धूर माळ्यापर्यंत जायचा, वासे-रिपांना किडा लागत नसे. तो धूर सईला चालणार नाही, म्हणजे लाकूड राखायचं काम दुसऱ्या रीतीने करावं लागणार.

म्हणून माझं मत कुडाळजवळच्या तिसऱ्या जागेला. तुम्हाला ती साधी वाटली, वाडीत आहे, समोर शेजाऱ्याचं खळं दिसतं. पण ती उताराच्या मध्यावर आहे, पाणी साचत नाही, तीन बाजूंनी ऊन येतं, तालुक्याचं रुग्णालय जवळ, आणि फारच बिकट प्रसंग आला तर महामार्गाने गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय गाठता येतं. जोता उंच घ्या. पाया भरण्याआधीच मातीत वाळवीची फवारणी करून घ्या, नंतर करणं खर्चाचं आणि अर्धंमुर्धं होतं. चौकटींना पक्कं सागवान नाहीतर फणस वापरा, आंब्याचं लाकूड वाळवी आधी खाते. खिडक्या समोरासमोर, आणि भिंतीला चिकटून झाडं नकोत.

डासांसाठी कोकण सोडायचं कारण नाही. डेंग्यूचा डास तुमच्या पुण्याच्या कुंडीखालच्या ताटलीतही होतो. इथे तो करवंटीत होतो. करवंट्या पालथ्या घाला, आणि आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करा.

एवढं सगळं लिहिलं तरी माझ्या शब्दावर जागा घेऊ नका. जुलैत रजा काढून या, सईलाही आणा. चार-पाच दिवस त्या वाडीतच कुणाकडे तरी राहा, रात्री तिचा श्वास कसा चालतो ते बघा. शेजारच्या घरात जाऊन भिंतीला हात लावा आणि तिथल्या बाईंना विचारा, पावसात कपडे कुठे वाळवता. मग बयाणा द्या.

तुझी,
आई

ता. क. विहीर मात्र जुलैत बघून कळणार नाही. त्यासाठी मेच्या शेवटच्या आठवड्यात मी स्वतः जाऊन पाणी किती आहे ते बघून येते.