झाडांच्या आकड्याबरोबर खड्ड्याची खोलीही विचारा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

सा. न. वि. वि.

फोंडा तालुक्यात गेली बावीस वर्षे मी रोपवाटिका चालवते. जून उजाडला की खात्यांची, पंचायतींची, शाळांची माणसे रोपे न्यायला येतात. किती रोपे हवीत हे प्रत्येकाला पाठ असते. खड्डा किती खोल खणलाय, असे विचारले की बहुतेक जण गुडघ्याच्या खाली कुठेतरी हात दाखवतात. हे पत्र त्या खड्ड्याबद्दल आहे.

माझे वडील माड लावायचे ते मे महिन्यातच खड्डे खणून ठेवायचे. जांभ्यात माडाला १.२ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा लागतो. तळाशी दोन किलो मीठ घालायचे, म्हणजे जांभा मऊ पडतो. पहारीने दिवसभर फोडले तरी दोन खड्डे व्हायचे. ते माड आजही धरतात. माडाला सोटमूळ नसते. दोरीसारखी मुळे बुंध्याभोवती साधारण दोन मीटरच्या आत पसरतात. एवढ्यात भागणाऱ्या झाडाला आपले वाडवडील इतकी जागा देत होते. मग आंबा, वड, सुरंगी रस्त्याकडेला लावताना दीड फुटाचे भोक का पाडायचे?

झाड जेवढे वर तेवढेच खाली, असे लोकांना वाटते. तसे नसते. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या मीटरभर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. रोलर फिरवून दाबलेल्या, पेव्हर ब्लॉकने झाकलेल्या जमिनीत ती मिळत नाही. आमच्या बाजाराजवळचा जुना आंबा पहिल्याच वादळी पावसात आडवा झाला. मी मुद्दाम पाहायला गेले. रस्त्याच्या बाजूची मुळे सुरीने कापावीत तशी सरळ कापलेली होती. आदल्या उन्हाळ्यात तिथे केबलसाठी चर खणला होता. दोष मात्र वाऱ्याला दिला गेला. मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीची एक मीटर जागा सिमेंटमुक्त करायला सांगितले होते. आपल्याकडे १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. कुऱ्हाडीने झाड पाडायला परवानगी लागते, तर जेसीबीने मुळे तोडणे हेही झाड पाडणेच मानले जावे, एवढे माझे मागणे आहे.

आता गच्च्यांविषयी. हिरव्या छताची, म्हणजे गच्चीवर मातीचा थर घालून झाडे लावण्याची, हौस गोव्यात वाढते आहे, आणि ते चांगलेच आहे. पण इथेही माती कुणी मोजत नाही. भिजलेल्या साध्या मातीचे वजन घनमीटरला दोन टनांच्या आसपास जाते. म्हणजे १५ सेंटीमीटर थराचा भार प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३०० किलो. वावरायच्या साध्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चल भार, म्हणजे वावरणाऱ्या माणसांचा नि सामानाचा भार, चौरस मीटरला धरतात तो १५० किलोचा. जुन्या स्लॅबवर तांबडी माती पसरून वर आंब्याची कलमे लावणारे लोक मला भेटतात. मी त्यांना रोपे देत नाही, आधी अभियंत्याला दाखवा म्हणते.

तांबडी माती पावसात दबून घट्ट बसते आणि तिचा गाळ निचऱ्याची वाट बुजवतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. म्हणून जलरोधक थर, त्यावर मुळे अडवणारा थर, निचरा, गाळणीचे कापड आणि मग हलके मिश्रण, असा क्रम लागतो. मिश्रणाचा माल आपल्याकडे पडून आहे: जुन्या घरांवरून उतरवलेली कौले कुटून केलेली खडी, आणि नारळाच्या सोडणाचा भुसा.

दहा सेंटीमीटर थराच्या छतावर काय उगवेल ते आमचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, सांगतात. तिथे कातळावर बोटभर माती असते. पावसाळ्यात गवत आणि तेरडा फुलतो, दिवाळीनंतर सारे वाळते. करवंद उभे राहते ते भेगेत, जिथे मुळाला खोली मिळते. पातळ छताने सड्यासारखे वागावे. त्याच्यावर बारमाही लॉन लादले की उन्हाळाभर टँकरचे पाणी ओतावे लागते. झुडपे हवी असतील तर निदान ३० सेंटीमीटर मिश्रण आणि तो भार धरून बांधलेला स्लॅब हवा.

बांधकाम नियमावलीत हिरव्या छताच्या आराखड्यावर थराची जाडी व भिजलेले वजन लिहिणे सक्तीचे करा. रस्ते आणि पदपथांच्या निविदेत प्रत्येक झाडामागे किती घनमीटर मोकळी माती सोडणार, हा रकाना घाला. आणि बिल देण्याआधी खड्डा मोजायला माणूस पाठवा, रोप लावण्यापूर्वी.

वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो. खड्डे मात्र मे महिन्यात, जमीन कोरडी असताना खणायचे असतात. यंदा आपल्या हस्ते जे झाड लागणार आहे, त्याचा खड्डा पाहायला मे महिन्यातच या. मी टेप घेऊन येईन.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक रोपवाटिकाचालक