शाळेचं माहेरपण

प्रिय मंदे,

परवा फोनवर तू विचारलंस, "भुलाबाई बसवली का गं?" आणि मी "नाही" म्हणून विषय बदलला. तेव्हापासून जिवाला चैन नाही. महिनाभर माहेरपणाला येणारी भुलाबाई यंदा खरंच बसवली नाही. पण याच दिवसांत मी इथे एक माहेरपण पाहिलं, आणि ते तुला नीट सांगायचं आहे. फोनवर ते जमलं नसतं, म्हणून आज शनिवारची धुणी-भांडी बाजूला ठेवून लिहायला बसले.

आमचं गाव टेक्सासच्या पश्चिमेला, लबक शहरापासून तासाभराच्या वाटेवर. चारी बाजूंना कापूस. आपल्यासारखी काळी माती नाही, तांबूस आहे. पऱ्हाटी जेमतेम गुडघ्याला लागते आणि वेचणीला बायका नाहीत, सगळं यंत्रावर. पण बोंडं फुटली की रान तसंच पांढरं होतं. पहिल्या वर्षी ते बघून मी गाडी कडेला लावली आणि पोटभर रडून घेतलं होतं.

शाळा एकच. बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळे एका आवारात, आणि नववी ते बारावी मिळून साठसुद्धा मुलं नाहीत. त्यामुळे प्रत्येकाला सगळंच करावं लागतं. माझ्या वर्गातली एक मुलगी पहाटे उठून तिच्या डुकरांना खाऊ घालते, कारण जानेवारीत जनावरांचं प्रदर्शन असतं. मग शाळा, मग व्हॉलीबॉल, मग बँडचा सराव. पहिल्या तासाला तिचे डोळे मिटायला लागले तर मी तिला उठवत नाही. पाच मिनिटांनी ती आपोआप उठते आणि गणित सोडवते.

तर होमकमिंग. गाव सोडून गेलेल्यांनी वर्षातून एकदा शाळेत परत यायचं, तो हा आठवडा. टेक्सासात ही चाल जुनी आहे. वेकोच्या बेलर विद्यापीठाने 1909 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून मिरवणूक, शेकोटी आणि अमेरिकन फुटबॉलचा सामना केला होता. इथे माजी विद्यार्थ्यांना 'एक्स' म्हणतात. सोमवारपासून मुलं रोज वेगळा वेश करून येतात. दुकानांच्या काचा शाळेच्या रंगांनी रंगवतात. शुक्रवारी दुपारी गावातली सगळी कामं थांबतात आणि मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघते. पुढे अग्निशमन दलाची गाडी, मागे ट्रॅक्टर, उघड्या ट्रेलरवर गवताच्या गठ्ठ्यांवर बसलेले वर्ग. रस्त्याच्या कडेला चिल्लीपिल्ली पिशव्या घेऊन उभी असतात, कारण वरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात.

आणि मंदे, शेवंती! ऐन दसरा-कोजागरीच्या दिवसांत इथल्या मुली छातीवर शेवंती लावतात. 'मम' म्हणतात तिला. पूर्वी खरं फूल असायचं, आता कापडी, ताटलीएवढं मोठं. त्याला शाळेच्या रंगांच्या फिती, पार पावलांपर्यंत लोंबणाऱ्या. फितींच्या वेण्या घातलेल्या, त्यात घुंगरू, छोटी अस्वलं, मुलीचं आणि ते देणाऱ्या मुलाचं नाव. बारावीच्या मुलींच्या फिती पांढऱ्या आणि चंदेरी. मुलगे तसंच, पण लहान, दंडाला बांधतात. त्या दिवशी वर्गात कुणी वळलं तरी घुंगरांचा आवाज होतो. मला शिकवणं सुचेना. डोळ्यांपुढे आपल्या टिपऱ्या आल्या.

पण त्यातलं एक मला पटलं नाही, ते तुलाच सांगते. ही मम विकत घ्यायची तर शंभर-शंभर डॉलर सहज जातात. ज्या घरात दोन-तीन मुली आहेत त्यांनी काय करावं? मागच्या वर्षी एक मुलगी "मला आवडतच नाही" म्हणत कोरडी फिरत होती आणि दुपारी मला ती प्रसाधनगृहात रडताना सापडली. यंदा आम्ही दोघी-तिघी शिक्षिकांनी जुन्या फिती गोळा केल्या, ऑगस्टपासून मधल्या सुट्टीत वेण्या घालत बसलो आणि जिला हवी तिला मम करून दिली. फितीची चौपदरी वेणी मला गजऱ्याच्या सवयीने चटकन जमली. आता त्या माझ्याकडे शिकायला येतात.

आता जे खरं सांगायचं आहे ते. आमच्या शाळेत मुलं कमी म्हणून सहा-सहा जणांचा फुटबॉल खेळतात. 1934 साली नेब्रास्कातल्या चेस्टर गावच्या स्टीफन एपलर नावाच्या शिक्षकाने लहान शाळांसाठी तो बसवला. मैदान 80 यार्डांचं, आणि अर्ध्या खेळानंतर 45 गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच संपवतात. आमच्या संघात मुलं नऊ. त्यातला सगळ्यात वेगाने पळणारा माझ्या अकरावीच्या बीजगणितात आहे. टेक्सासात 1984 पासून कायदा आहे: विषयात 70 च्या खाली गुण पडले की मैदान बंद आणि बँडही बंद, आता तीन आठवडे. सहा आठवड्यांचा निकाल लावताना त्याला 66 पडले.

मी त्याचे पेपर तीनदा तपासले. चार गुण गं! कुठे तरी अर्धा-अर्धा देता येईल का, म्हणून रात्री बारापर्यंत जागले. नाही देता आले. त्याला दोन अज्ञातांची समीकरणं येतच नव्हती, आणि येत नसताना "येतात" असं मी लिहून दिलं असतं तर पुढच्या वर्षी ते कुणाच्या माथी पडलं असतं? 66 लिहिले आणि कागद देऊन टाकला. मला कुणी शब्दानेही बोललं नाही. पण किराणा दुकानात मी शिरले की बोलणी थांबायची, ते मला कळत होतं. प्रशिक्षक एकदाच वर्गात आले, "त्याला काय काय करावं लागेल ते लिहून द्या" म्हणाले, आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवून गेले.

शुक्रवारच्या रात्री तो साध्या शर्टात मैदानाच्या कडेला उभा राहून सगळ्यांना पाणी देत होता. मध्यंतरात बँड आला. निम्मे वादक म्हणजे आमचे खेळाडूच, खांद्यांवरचं चिलखत न काढता ट्रम्पेट घेऊन उभे राहिले. हा मात्र तिथेही नाही. मग वर्षांप्रमाणे पुकारा झाला. जुन्यात जुन्या वर्गापासून सुरुवात, ज्यांचं साल येईल त्यांनी उभं राहायचं. पहिल्या सालाला एकच आजी उठल्या, नातीचा हात धरून. यंदाच्या माहेरवाशिणीचा मुकुट त्यांनाच घातला. इथे खरोखरच परत आलेल्या जुन्या विद्यार्थिनीला असा मान देतात. सगळं गाव उठून उभं राहिलं. कोजागरी दोन-तीन दिवसांवर होती, चंद्र चांगला वर आला होता, आणि मला वाटलं, हीच भुलाबाई.

सामना आम्ही हरलो. लोक पांगायला लागले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी आले. त्या मुलाचे आजोबा. माझा जीव घशाशी आला. ते म्हणाले, "बाई, याच शाळेत मला बीजगणितात काही येत नव्हतं आणि मला पास केलं होतं. मी चांगला पळायचो." एवढंच. टोपीला हात लावून गेले.

सोमवारी सकाळी सव्वासातला वर्गाचं दार वाजलं. तो वही घेऊन उभा होता. आता रोज येतो.

मंदे, आपल्याला दहावीला निरोप दिला, एकेक पेन दिलं आणि त्यानंतर शाळेने आपल्याला कधी बोलावलं का? आता तू त्याच शाळेत शिकवतेस. भाऊबीजेला गावातल्या सगळ्या लेकी माहेरी येतातच. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिपायाकडून किल्ली घे आणि दोन वर्ग उघडून ठेव. जुने हजेरीपट कपाटात असतील. साल वाचून नावं पुकार. खर्च काहीच नाही, खिरापत मात्र हवी, आणि ती ओळखायला लावूनच द्यायची. मी यंदा येऊ शकणार नाही, पण माझं नाव पुकारायला विसरू नकोस. माझ्याऐवजी तू "हजर" म्हण.

तुझीच,
खिडकीकडच्या बाकावरची