मुक्कामी गाडी

ट्विन ब्रिजेस, मोंटाना
२४ जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, मी ठणठणीत आहे. रोज फोन होतो तरी हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं आई म्हणणारच. त्याचं असं आहे की एक गोष्ट फोनवर सांगायला घेतली की तू पहिल्याच वाक्याला मध्ये पडतेस. कागदावर मला शेवटपर्यंत बोलता येईल. शिवाय टपाल साताऱ्याला पोचायला दोन-तीन आठवडे तरी लागतील, तोवर मी ओरेगनच्या समुद्राला लागलेली असेन. म्हणजे ओरडायचं ते मागाहून.

तर आई, मी हॉटेलात राहत नाहीये.

"दाराला कडी नीट आहे ना?" असं तू रोज विचारतेस आणि मी रोज "हो" म्हणते, ती कडी म्हणजे तंबूची चेन. केंटकीतून फोन केला तेव्हा "खोलीत पाखरं कशी गं ओरडतात?" म्हणालीस, तर मी खिडकी उघडी आहे असं ठोकून दिलं. खिडकीच काय, भिंतही नव्हती. बाबा, तुम्ही त्या वेळी नुसतं "हं" केलंत. तुम्हाला त्याच दिवशी कळलं असावं असा मला दाट संशय आहे.

आता, बाबा, तुम्ही एसटीच्या कंडक्टरकीत रोज भरायचात तसं वे-बिल भरायला बसले आहे, तर हिशोब पूर्ण देते. १० मेला व्हर्जिनियातल्या यॉर्कटाऊनहून सायकलवर निघाले, आज ७५ रात्री झाल्या. त्यातल्या ४८ तंबूत, १४ कुठल्या ना कुठल्या चर्चच्या नाहीतर अग्निशमन दलाच्या छपराखाली, ७ लोकांच्या घरी. हॉटेलात ६. त्यातल्या दोन ताप होता म्हणून. (तापाचंही सांगितलं नव्हतं. आता बरा आहे, आई, महिना झाला त्याला.) बेरीज करून बघा, जुळते.

हा रस्ता मी शोधलेला नाही. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा इथल्या सायकलवाल्यांनी हा देश आडवा पार करायचा मार्ग आखला. त्या उन्हाळ्यात चार हजारांवर लोक त्यावर सायकली घेऊन उतरले. एकूण ६,८०० किलोमीटर, सगळे आडवाटेचे रस्ते. गावांनाही आता सवय झालेली आहे. अंगावर चार पिशव्या लटकवलेली सायकल दिसली की दुकानदारीण न विचारता सांगते, पाणी मागच्या नळाला आहे आणि रात्री बागेत झोप.

बागेतच झोपायचं. कॅन्ससमध्ये तर ही रीतच आहे. तिथे गाव दिसतं ते आधी धान्याच्या कोठारांवरून. पांढरे उंच मनोरे दहा-बारा किलोमीटरवरून दिसायला लागतात आणि वारा समोरून असला तर तासभर पेडल मारूनही जवळ येत नाहीत. गावात शिरलं की शेरीफच्या कचेरीत फोन करायचा, की आज बागेत एक सायकलवाली आहे. ते नाव विचारतात, "ठीक" म्हणतात, रात्री गस्तीची गाडी एक चक्कर मारून जाते. पोहण्याच्या तलावावर आंघोळ, बहुतेक ठिकाणी फुकट. जून सरताना गव्हाची कापणी चालू होती. रात्री अकरापर्यंत शेतांतून हार्वेस्टरचे दिवे फिरत होते आणि हवेला भुसाचा वास होता. तो वास आपल्याकडच्यासारखाच, मला उगाच आजीचं खळं आठवलं.

अशाच एका गावात फजिती झाली. गवत हिरवंगार, मऊ. मी खूश होऊन मधोमध तंबू ठोकला. एवढ्या उन्हाळ्यात हे गवत हिरवं कसं, हा प्रश्न शेतकऱ्याच्या नातीला पडायला हवा होता. रात्री दोन वाजता जमिनीतून फवारे वर आले. चारी बाजूंनी, आणि एक बरोबर माझ्या डोक्याशी, तंबूच्या आतल्या जाळीतून सरळ तोंडावर. झोपेत वाटलं आपल्या वाड्याची पन्हळ फुटली. मग मी कचऱ्याचा डबा आणून त्या फवाऱ्यावर पालथा घातला आणि उरलेली रात्र तिथल्या लाकडी टेबलावर ओली झोपले. तेव्हापासून नियम केला आहे: आधी विचारायचं पाणी किती वाजता सुटतं, नाहीतर पिवळं गवत बघायचं.

आता जे खरं तुम्हाला सांगायचं टाळत होते ते. एका रात्री साडेअकराला एक पिकअप बागेत आली आणि दिवे माझ्या तंबूवर रोखून उभी राहिली. इंजिन चालू. आत मी, बाहेर उजेड, माझी सावली त्यांना दिसत असणार. मी शिट्टी तोंडात धरली, फोनवर नंबर काढून ठेवला आणि बसून राहिले. दहा मिनिटं असतील. मग गाडी मागे फिरली आणि गेली. कोण होतं, काय हवं होतं, कळलं नाही. सकाळी कुणी येऊन माफी मागितली, चहा पाजला, असलं काही झालं नाही. त्या रात्री मी झोपले नाही आणि दुसऱ्या दिवशी सव्वाशे किलोमीटर पुढे जाऊन थांबले.

तेव्हापासून रस्त्यात कुणी विचारलं, "एकटीच?" की मी सांगते, "नवरा मागून येतोय, त्याचा वेग जरा कमी आहे." हा न झालेला नवरा चार राज्यं माझ्या मागून येतो आहे, बिचारा. आई, तुझी इच्छा एवढ्या अंशी पुरी झाली म्हण. खोटं बोलायची सवय अशी लागली, आणि मग ती तुमच्यापर्यंत आली.

आणखी एक युक्ती आहे, ती मात्र बाबांची. रात्री सायकल तंबूला टेकवून ठेवते आणि तिच्या चाकातून एक बारीक दोरी घेऊन आत माझ्या मनगटाशी बांधते. कुणी सायकल हलवली तर मला हिसका बसणार. आठवतंय का, बाबा? मी चौथीत होते, मे महिन्याची सुट्टी होती, तुम्ही मला बामणोलीच्या मुक्कामी गाडीवर नेलं होतं. गाडीचा दरवाजा नीट लागत नव्हता. तुम्ही सुतळीने दांडी बांधलीत, दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. ड्रायव्हरकाका टपावर झोपले, मी मागच्या लांब बाकावर आणि तुम्ही मधल्या वाटेत, पैशांची कातडी पिशवी उशाला घेऊन. कुणाच्या तरी घरून पिठलं-भाकरी आली होती, पितळी ताटलीत, वर फडकं. आई तेव्हाही तुमच्यावर चिडली होती, पोरीला उघड्यावर झोपवली म्हणून.

माझ्या उशाला पासपोर्ट आणि फोन असतो. बाकी फारसा फरक नाही.

कोलोरॅडोत शिरल्यावर रस्त्याकडेला माळावर तंबू टाकावा म्हणून सायकल ढकलत वीस पावलं आत गेले. बाहेर आले तर दोन्ही चाकं बसलेली. टायर फिरवून बघते तर सराटे! अगदी आपले, माळावरचे, दोन शिंगांचे. इथे त्यांना बोकडाचं डोकं म्हणतात. हा काटा मूळचा आपल्याच बाजूच्या जगातला, इकडे मागाहून आला. मला इतका आनंद झाला की आधी एक तळहातावर घेऊन बघत बसले. मग मोजले: पुढच्या चाकात सात, मागच्यात अकरा. पातेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवायची, बुडबुडे बघायचे, पॉलिश पेपर घासायचा, सोल्युशन लावून फुंकर मारायची. चौकातल्या पंक्चरवाल्याकडे लहानपणी तासन्‌तास उभी राहायचे, म्हणून तू चिडायचीस, आई. ते शिक्षण कामाला आलं. सहा ठिगळं लावली आणि मग अंधारात नेमका एक सराटा पायात गेला.

जेवणाची काळजी करू नको. मूगडाळ सकाळी बाटलीत भिजत घालते, ती दिवसभर पिशवीत हिंदकळत मुरते आणि संध्याकाळी तांदळाबरोबर पंधरा मिनिटांत शिजते. गॅस वाचतो. तू दिलेला गोडा मसाला अजून दोन बोटं आहे, मेतकूट संपत आलंय. एकदाच खिचडीने दगा दिला, हूझियर खिंडीच्या खाली फेअरप्ले नावाच्या गावात. ते गाव तीन हजार मीटरवर आहे, तिथे पाणी नव्वद अंशांनाच उकळायला लागतं. उकळतंय जोरात आणि दाणे आपले टणक. पाऊण तास वाट पाहून शेवटी कचकच चावून खाल्ली. दुसऱ्या दिवशी खिंड चढले: ३,५१८ मीटर, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. वर पाटीपाशी फोटो काढला तो तुम्ही पाहिलाच आहे. त्यात माझा चेहरा सुजलेला दिसतो असं तू म्हणालीस, तो थंडीने. रात्री तंबूच्या आतून बर्फाची खरपुडी धरली होती, माझ्याच श्वासाची. सकाळी चेन ओढली तशी सगळी मानेत पडली.

वायोमिंगमध्ये वारा एके वारा. तिथे जेफ्री सिटी नावाची वस्ती आहे. युरेनियमच्या खाणीवर वसलेली, खाण बंद पडली आणि गाव उठलं. रस्ते आहेत, घरं नाहीत. तिथल्या चर्चमध्ये सायकलवाल्यांना झोपू देतात आणि भिंतींवर येणारे-जाणारे नाव लिहून जातात. खाली-वर, वेड्यावाकड्या अक्षरांत शेकडो नावं. मी एक कोपरा शोधून मार्करने लिहिलं: "सातारा–बामणोली, मुक्कामी." नाव नाही लिहिलं. मराठी माणूस आला तर त्याला कळेल आणि तो डोकं खाजवत बसेल.

यलोस्टोनला अस्वलं आहेत, हे तुला धाकट्याने सांगितलंच असणार. आहेत. पण तिथे सायकलवाल्यांच्या तळावर लोखंडी पेटी असते. वास येणारी प्रत्येक वस्तू रात्री तिच्यात टाकायची: जेवण, साबण, टूथपेस्ट, अगदी ओठांना लावायचं मलमसुद्धा. मेतकुटाचा डबा आत ठेवताना मला अस्वलाची दयाच आली. अस्वल काही दिसलं नाही. दिसला तो गवा, इथला बायसन. पहाटे लघवीला जायचं म्हणून चेन उघडते तर वीस पावलांवर उभा, तोंडातून वाफा सोडत गवत ओढतोय. त्याच्यापासून निदान २३ मीटर लांब राहायचा तिथे नियम आहे. मी नियम पाळायला तयार होते, तो नव्हता. चाळीस मिनिटं मी आत पाय आवळून बसले होते. याहून जास्त सविस्तर लिहीत नाही, बाबाही वाचणार आहेत.

आज पाऊस आहे म्हणून इथे थांबले. हे गाव तीन-चारशे वस्तीचं. नदीकाठी त्यांनी खास सायकलवाल्यांसाठी एक खोली बांधून ठेवली आहे. जाळ्या लावलेल्या, कारण डास गांधीलमाशीएवढे. आत बाक, मोरी, गरम पाण्याची आंघोळ आणि भिंतीला पैशांची पेटी, जे जमेल ते टाका. कुणी बघायला नाही. मी वीस डॉलर टाकले. बाबा, तुम्ही आठ आणे कमी आले तर स्वतःच्या खिशातून भरायचात, ते काही माझ्यातून गेलं नाही. दाराला कडी आहे, आई. खरीखुरी, लोखंडी. लावून बघितली.

अजून दोन हजार किलोमीटरच्या आत उरलंय. यापुढे फोनवर विचारलंस की "कुठे आहेस", तर जिथे असेन ते सांगेन. मग तू रागवायचं, पण फोन ठेवायचा नाही, एवढं ठरवू.

बाबा, एक विचारायचं राहून गेलं. बामणोलीला त्या रात्री, अंगठ्याला सुतळी बांधून, तुम्हाला झोप लागली होती का? मी मागच्या बाकावर गाढ झोपले होते, त्यामुळे मला माहीत नाही.

तुमची,
लेक