दहा वेळा लिहून काढणे हा उपाय नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायला लावण्याची पद्धत अजून सर्रास चालते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला तिचा काडीचाही उपयोग होत नाही. पाचव्या-सहाव्या ओळीत ‘सूर्य’चा ‘सुर्य’ होतो आणि पुढे तीच चूक खाली उतरत जाते; कारण मूल शब्द लिहीत नसते, वरची ओळ पाहून गिरवत असते. त्याची बुद्धी कमी नसते, मन लावत नाही असेही नसते. आवाज आणि अक्षर यांची सांगड बसलेली नसते.

‘कि’ची वेलांटी उच्चारायची नंतर, पण लिहायची अक्षराच्या आधी. रफार ऐकू येतो आधी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. घ-ध, म-भ, य-थ यांत फरक एवढ्याशा गाठीचा आणि तुटलेल्या शिरोरेषेचा. अशी जोडी एकत्र शिकवूच नये. ‘घ’ न अडखळता ओळखता येईपर्यंत ‘ध’ बाजूला ठेवावा. शब्द आधी टाळ्या देत तोंडी फोडावा, मग झाकून, एकेक तुकडा मोठ्याने म्हणत लिहावा. रोज १५-२० मिनिटे पुरेत. तासभर बसवले की मूल थकते आणि चुका वाढतात.

आकड्यांचेही तसेच. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून ५२ लिहिले जाते, ‘एकोणतीस’मधले तीस कानात राहतात आणि ३९ उमटतात. दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून आधी ‘वीस आणि पाच’ म्हणवून घ्यावे, ‘पंचवीस’ त्यानंतर. उभी गणिते चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एकच अंक. हातचा चुकण्यामागे बरेचदा नुसते सरकलेले रकाने असतात.

पालकांनी आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर चाचणी. मोठेपणी आपोआप सुटेल म्हणून थांबू नये.

शिक्षकांना कळकळीची विनंती: फळ्यावरून उतरवायला लावण्याऐवजी छापील कागद द्या. फळ्याकडून वहीकडे नजर वळेपर्यंत या मुलांची जागा हरवते. विज्ञान-इतिहासाची उत्तरे तोंडी घ्या. तिथे तपासायचे आहे ते ज्ञान, वेलांटी नव्हे. आणि वर्गात अचानक उभे करून वाचायला सांगू नका. उतारा आदल्या दिवशी घरी द्या, म्हणजे तो वाचून येता येईल.

आपली,
एक विशेष शिक्षिका