स्पीकरचीही अनामत घ्या

संपादक महोदय,

माझे वडील पोफळीच्या वीजगृहात होते. ‘डोंगरापलीकडचं पाणी आपल्याकडे येतं,’ असं ते नेहमी सांगायचे. ते पाणी, म्हणजे कोयनेचा शिवसागर जलाशय, मी साठी उलटल्यावर गेल्या जानेवारीत पाहिला. तसा तो डोंगराच्या पाठीलाच. पण चिपळूणहून कुंभार्ली घाट, पाटण, सातारा, कास करत बामणोलीला पोचेतो कंबर धरली.

तिथून बोटीने वासोट्याच्या गडाला गेलो. कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वाघ दिसेल अशी आशा आम्ही धरलीच नव्हती. वनखात्याच्या चौकीवर मात्र बरं वाटलं. पिशव्या उघडून बाटल्या, वेफर्सची पाकिटं, सुनेने लाडू बांधून आणलेली प्लास्टिकची पिशवीसुद्धा मोजून वहीत लिहिली आणि अनामत घेतली. परतताना तेवढंच सामान दाखवायचं नि पैसे न्यायचे.

आमच्यापुढच्या पोरांकडे दुधाच्या किटलीएवढा ब्लूटूथ स्पीकर होता. बोटीत दणाणत होता, चौकीवर सॅकच्या तळाशी गेला आणि झाडी लागताच पुन्हा बाहेर आला. ओढ्याजवळच्या मारुतीपाशी मी टेकले होते. वर शेकरू शेपूट लोंबती सोडून काहीतरी कुरतडत होतं. सालं टपटप माझ्या पदरात पडत होती. वळणावरून गाणं आलं आणि सालं पडायची थांबली. मान वर केली, तर फांदी रिकामी.

गडावरून पश्चिमेला कडा तुटतो आणि खाली खेडचा मुलूख दिसतो. कोयना खरी हेळवाकला पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळणारी नदी. तिचं अडवलेलं पाणी बोगद्यांतून इकडे येतं, वीज करून वाशिष्ठीत उतरतं. ते अवजल आलं नाही, तर उन्हाळ्यात आम्हा चिपळूणकरांच्या नळाला काय येणार? त्या रानाबद्दल बोलायचा हक्क मला आहे, तो असा.

म्हणून विनंती एवढीच, की बाटल्यांसारखे स्पीकरही मोजावेत, तेही बोट सुटण्याआधी बामणोलीच्या धक्क्यावरच. तिथेच ठेवून घेतले तर उत्तम. अनामत घ्यायचीच तर चांगली हजाराची घ्या, बाटलीएवढी नको.

उतरताना त्या पोरांच्या बाटल्या वहीशी तंतोतंत जुळल्या. पैसे खिशात घालून ती बोटीत बसली आणि सॅक पुन्हा उघडली.

– एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण