तापकीर गल्लीतल्या केबलवाल्या दादांना, बार्शीहून

दादा, नमस्कार. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात, पण वाचाल तेव्हा कळेलच. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून लॅनची, म्हणजे कॉम्प्युटरला नेट जोडायची, केबल घेतली होती, बिलावर नंबर होता, तेवढ्या ओळखीवर रात्री साडेनऊला फोन लावला आणि तुम्ही पाऊण तास बोलत राहिलात.

झालं असं की पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना पीसी घेतला, केबल जोडली तर 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' दाखवतोय, नेट काही चालेना. फोनवर वायफाय मस्त चालू! पोरीच्या ऍडमिशनच्या फॉर्मचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी, फोनवरून करायला गेले तर फोटो आणि सहीची साइजच बसेना, आणि नेटवाल्यांचा माणूस आपला राऊटर बंद करा चालू करा, चार वेळा केलं हो.

तुम्ही पहिलं काय विचारलंत, तर केबल घुसते तिथली लाइट लुकलुकतेय का. हो म्हटलं. मग कमांड टाकायच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप करायला लावलंत, पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, दिसायला, मी आकडे वाचले, १०.०.४ असं काहीतरी, आणि तुम्ही हसलात. "ताई, तुमचा राऊटर १९२.१६८ वाला. हे पोर सासरी येऊन अजून माहेरचाच पत्ता सांगतंय."

जुन्या ऑफिसने आयपी हाताने टाकून ठेवला होता. एनसीपीए डॉट सीपीएल टाकून नेटवर्कची सेटिंग उघडली, प्रॉपर्टीज, आयपी व्हर्जन ४, 'ऑटोमॅटिकली' वर टिक. राऊटरला पिंग केलं, म्हणजे हाक मारून बघितली, रिप्लाय आला. बाहेर इंटरनेटवरच्या गूगलच्या ८.८.८.८ ला पण आला. मी ओरडलेच आनंदाने, आणि तरी एकही साइट उघडेना. मला वाटलं झालं, आता हे फोन ठेवणार. तर तुम्ही शांतपणे, "नंबर लागतोय, नाव लागत नाही, म्हणजे डीएनएस, साइटच्या नावावरून नंबर शोधून देणारा. 'ऑटोमॅटिकली' केलंत त्याच खिडकीत खाली बघा." खालचा डीएनएसचा ठिपका वेगळा असतो, वरचा बदलला तरी तो तसाच राहतो हे मला काय माहिती! तिथे अजून त्या ऑफिसचाच सर्व्हर बसलेला. तो बदलला आणि साइट उघडली. फॉर्म ११:२० ला सबमिट झाला.

त्या सगळ्या कमांड मी कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवल्यात. परवा शेजारच्या काकांचं नेट गेलं, बघते तर आयपी १६९.२५४ ने सुरू. म्हणजे राऊटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि विंडोजने आपला स्वतःच एक लावून घेतला, हे तुम्हीच बोलता बोलता सांगितलेलं. केबलच्या टोकाची क्लिप तुटलेली निघाली, दाबून धरली की चालू. काका मला आता इंजिनियर म्हणतात 😄

पैसे पाठवते म्हटलं तर "केबलचे दिलेत की तेव्हाच" म्हणालात. बरं, पैसे नको तर नको, अर्धा किलो शेंगा चटणी एसटी पार्सलने टाकलीय, ती परत पाठवायची नाही. आणि काकांसाठी केबल लागेल, दहा मीटरची, या वेळी पैसे घ्यायचे.


तुमची,
रात्री साडेनऊवाली ताई